गौसिया मेडिकलचा वजनकाटा

मनिषाने काउंटरवर टॅब ठेवला, त्याच्या स्क्रीनवरचा नंबर आपल्या मोबाइलवरून लावला, आणि समोर उभ्या असलेल्या तय्यबचाचांचा खिसा वाजू लागला.

आधी तिला योगायोग वाटला. तिने फोन कापला. खिसा गप्प झाला. पुन्हा लावला; खिसा पुन्हा सुरू. खोकल्याच्या औषधासाठी थांबलेला माणूस म्हणाला,

“चाचा, फोन वाजायलाय तुमचा.”

“वाजू दे,” बाटली कागदात गुंडाळत चाचा म्हणाले. “करणारी समोरच उभी हाय.”

तो माणूस गेला. सत्तरीला टेकलेल्या माणसाने असं रंगेहाथ सापडल्यावर थोडं तरी ओशाळायला हवं होतं. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला, स्टूल पुढे सरकवलं आणि बाहेर बघून दोन बोटं दाखवली. पलीकडच्या टपरीवाल्याला ती खूण कळत असावी.

“बस बेटा. सूर्यवंशी गुरुजीची मनिषा नव्हं तू?”

“हाव चाचा.”

“आईला भेटून आलीस का आधी हिकडंच?”

“आधी इकडंच. कामाने आलेय.”

“ते दिसायलंच,” चाचा खिशाकडे बघत म्हणाले.

मनिषा निलंग्याचीच. लातूरला एका कंपनीत नोकरी करत होती. कंपनीने चारशेच्या वर औषध दुकानांना बिलं करायचं ॲप फुकट दिलं होतं. फुकट म्हटल्यावर कोण नाही म्हणतो? अट एकच, गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर घातल्याशिवाय बिल पुढे सरकत नसे. सात वर्षांत कुठल्या नंबरवर कुठली गोळी गेली याचा डोंगर कंपनीकडे साठला होता. त्या डोंगरातून माणसांच्या तब्येतीचे शंभरपैकी गुण काढायचे आणि ज्यांना हवेत त्यांना विकायचे, हा कंपनीचा खरा धंदा. मनिषा त्याच विभागात होती.

आणि त्या डोंगरात एक अजब माणूस सापडला होता. निलंग्याच्या गौसिया मेडिकलचं गिऱ्हाईक. त्याला क्षय झाला होता, एकदा नव्हे, नऊ वेळा. त्याला झोप येत नव्हती, त्याची दारू सोडवायची चालली होती, त्याला फिट येत होती, आणि तो अधूनमधून गरोदर राहत होता. कंपनीच्या संगणकाला हा माणूस इतका आवडला की त्याने सलग तीन वर्षं त्याला ‘सोनेरी ग्राहक’ ठरवून स्टीलची पाण्याची बाटली पाठवली. सत्यम, तिचा मॅनेजर, सोमवारच्या मीटिंगमध्ये म्हणाला होता, “हा माणूस जिवंत कसा आहे, तेवढं मला कुणीतरी सांगा.” सगळे हसले होते. मनिषाही हसली होती.

मग एका विमा कंपनीशी मोठा करार जुळत आला आणि हसणं थांबलं. विमा कंपनीला माहिती स्वच्छ हवी होती. सत्यमने मनिषाला बोलावून सांगितलं, काही औषधांसाठी दुकानदाराला कायद्याने रजिस्टर ठेवावं लागतं, त्यात खरी नावं असतात. पानांचे फोटो काढून आण, आपण तारखा जुळवून एकेकाला शोधून काढू. “तुझंच गाव आहे. दोन तासांचं काम.” तिला कायम करण्याचा कागद या करारानंतर निघणार होता, हे त्याने बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजही नव्हती.

चहा आला. चाचांनी पहिला कप तिच्यापुढे, नेमका टॅबच्या अंगाला खेटून ठेवला. तिने टॅब बाजूला घेतला.

“तीन डाव गरोदर केलं मला तुमच्या कंपनीनं,” चाचा म्हणाले. “दर हप्त्याला मेसेज. आता बाळ लिंबायेवढं झालं, आता बाळाला ऐकू यायलंय. सबिहाला वाचून दाखवतो मी. म्हातारी हसून हसून पडती.”

लिंबाएवढं बाळ मनिषाचंच होतं. मराठी मेसेज सगळे तीच लिहायची, आणि तिला त्यांचा अभिमानही होता. कंपनीत इतरांचे मेसेज सरकारी पत्रासारखे असायचे, तिचे घरच्यासारखे. आत्ता मात्र तिने चहाचा मोठा घोट घेतला आणि जीभ पोळून घेतली.

“चाचा, हे सगळं कुणाकुणाचं आहे?”

“माझं.”

“क्षयाच्या गोळ्या?”

“माझ्याच.”

“आणि ह्या? बाळंतपणाच्या?”

“त्या बी. सांगितलं की आत्ताच.”

तिला हसू आवरेना, पण मोबाइलवर सत्यमचं नाव चमकलं आणि हसू जागच्या जागी विरलं. फोटो सहा वाजेपर्यंत हवेत, तो म्हणाला. दुकानदार ऐकत नसेल तर दुकान यादीतून काढून टाक, बाकीचे आपोआप सरळ होतील.

तिने चाचांना ते मऊ शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. रजिस्टरचं सांगितलं. सहा वाजताचं सांगितलं. यादीतून दुकान गेलं तर काय होईल, हे सांगावं लागलं नाही. ठोक व्यापारी आता फोनवर ऑर्डर घेतच नसत, सगळं त्याच ॲपवरून. दुकान यादीतून जाणं म्हणजे महिन्याभरात फळ्या रिकाम्या होणं. चाचांनी स्वतःच्या आईच्या नावाने चाळीस वर्षांपूर्वी काढलेलं दुकान होतं ते. पाटीवरचं ‘गौसिया’ अजून पेंटरकडूनच लिहून घेतलेलं होतं, फ्लेक्स लावला नव्हता.

चाचा उठले. मागच्या लोखंडी कपाटाला किल्ली लावली आणि लाल कापडी बांधणीचं लांबट रजिस्टर आणून काउंटरवर ठेवलं. वर स्वतःचा पंजा ठेवला.

“ह्यात सगळ्यांची खरी नावं हायत. एक बी खोटं न्हाई. औषधाचा सरकारी साहेब येतो, बघतो, सही करतो, जातो. कायदा हाय. त्याला मी दाखवतो.” मग त्यांनी विचारलं, “तुमची कंपनी सरकार हाय का बेटा?”

“नाही.”

“मंग तूच सांग.”

तेवढ्यात दुकानात दोन गिऱ्हाइकं आली आणि चाचा तिकडे वळले. रजिस्टर त्यांनी तिथंच ठेवलं, तिच्या हाताशी. हा माणूस बेसावध आहे की आपल्यावर विश्वास टाकतोय, तेच तिला कळेना. मोबाइल तिच्या हातात होता. चार-पाच पानांना दोन मिनिटंसुद्धा लागली नसती.

त्या दोघांच्या मागून एक बाई आली. पन्नाशीची, हिरवं लुगडं, पायात धुळीने भरलेल्या चपला. ती काउंटरकडे फिरकलीच नाही. डाव्या कोपऱ्यात, सलाइनच्या खोक्यांना लागून एक जुना वजनकाटा होता, त्यावर जाऊन उभी राहिली. काटा हलला, स्थिरावला. बाई उतरली नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत तशीच उभी राहिली.

चाचांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एकाला मलम दिलं, दुसऱ्याला सुट्टे पैसे नव्हते म्हणून दोन खोकल्याच्या गोळ्या दिल्या. दोघं पायऱ्या उतरून गेले तेव्हा ते सावकाश कोपऱ्यात गेले.

“बोला कस्तुराबाई.”

बाईने पदराच्या गाठीतून चौघडी कागद काढून दिला. चाचांनी तो वाचला, आत गेले, खाकी पाकीट घेऊन आले. पाकिटावर एक सूर्य आणि एक चंद्र काढला. कुठल्या गोळ्या, कुणासाठी, एक शब्द नाही. पुढ्यातल्या संगणकावर त्यांनी एका बोटाने दहा आकडे दाबले. मनिषाने ते आकडे मोजून, वाचून पाहिले. मघापासून तिला ते पाठच झाले होते.

पायरीवर नवं गिऱ्हाईक दिसलं तशी बाई मोठ्याने म्हणाली,

“अठ्ठेचाळीस भरलं बघा चाचा.”

“दूध पीत जावा,” चाचाही तेवढ्याच मोठ्याने म्हणाले.

मनिषाचा हात टॅबवर होता तो तिथंच राहिला.

दादा वजन करून यायचे. तिचे वडील, सूर्यवंशी गुरुजी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सायकल काढायचे आणि म्हणायचे, “वजन करून येतो.” आई भाकऱ्या थापता थापता चेष्टा करायची, की वाढायलंय कुठं म्हणून दर महिन्याला बघायचं? दादा परत येऊन सांगायचे, बावन्न. जसंच्या तसं. मनिषाला तेव्हा वाटायचं, शाळेतून निवृत्त झाल्यावर रिकामपणात माणसाला एकेक खूळ लागतं, हे दादांचं.

ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हाची गोष्ट. जूनमध्ये तिला पहिल्यांदा फिट आली. लातूरच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि तीन-चार वर्षं घ्याव्या लागतील म्हणाले. गोळ्या दादा आणायचे. मीच लातूरवरून आणतो, इथं कुणाला कळायला नको, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. खाकी पाकीट असायचं. त्यावर सूर्य आणि चंद्र काढलेला असायचा. लातूरच्या दुकानदाराची काय हौस, असं म्हणून ती हसायची.

तिने टॅब ओढून घेतला. शोधायचं तिच्या मनात नव्हतं, बोटांनीच शोधलं. फिटच्या गोळीचं नाव तिला विसरता येण्यासारखं नव्हतं.

ओळी आल्या. जून, दोन स्ट्रिपा. जुलै, दोन. असंच ऑक्टोबरपर्यंत. ऑक्टोबरच्या मधल्याच एका तारखेला एकदम दुप्पट ताकदीची गोळी.

कंपनीत मनिषा या वाचनात पटाईत समजली जायची. नुसत्या तारखा आणि गोळ्या बघून ती माणूस उभा करायची. ही बाई इथं गरोदर राहिली, इथं नाही टिकलं. हा माणूस इथं घाबरला. समोरच्या ओळींतली मुलगी ओळखायला तिला अक्कल लढवावी लागली नाही. आश्विन पौर्णिमेला विहारात खीर वाटता वाटता तिच्या हातातलं पातेलं पडलं होतं. शुद्धीवर आली तेव्हा तिचं डोकं आईच्या मांडीवर होतं, आणि उपासाने चक्कर आली असं आई सगळ्यांना सांगत होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीची ती तारीख होती. मार्चमध्ये गोळ्या पाच दिवस आधीच नेल्या होत्या. मार्चमध्ये तिची परीक्षा असायची आणि दादांना धीर नसायचा. तिसऱ्या वर्षी अर्धी गोळी, मग पाव, आणि दोन वर्षांपूर्वीच्या मार्चनंतर काही नाही.

तिचं सगळं आजारपण तय्यबचाचांच्या नावावर जमा होतं.

चाचा परत आले. तिच्याकडे आणि टॅबकडे पाहून त्यांनी पटकन चहाचा रिकामा कप उचलला.

“डोळे दुखतेल, ठेव ते. आणखी चहा सांगू का?”

मघाशीही त्यांनी कप टॅबला खेटून ठेवला होता. ती दारात आली तेव्हापासून या माणसाला माहीत होतं की त्या यादीत काय आहे, आणि ती तिच्या नजरेला पडू नये म्हणून एवढी खटपट चालली होती.

“चाचा, ही ओळ कुणाची?”

“माझी.”

“तुम्हाला फिट येते?”

“येत आसंल. आपली आपल्याला कुठं कळती?”

“दादा यायचे तुमच्याकडे.”

“गुरुजी? यायचे की. पेपर वाचाय यायचे. वजन करायचे, जायचे.” चाचांचा चेहरा असा कोरा होता की दुसऱ्या कुणाची खात्री पटली असती. “लई सज्जन माणूस.”

जिची गोष्ट, तिलासुद्धा हा माणूस सांगायला तयार नव्हता. मनिषाला भरून आलं. गेल्या वर्षी दादा गेले तेव्हा ती अशी रडली नव्हती, आणि आत्ता भर दुपारी औषधाच्या दुकानात रडणं शोभणार नव्हतं, म्हणून ती उगाच खाली वाकून चपलेचा बंद बघू लागली. सहा वर्षांत गावात तिला कुणी वेगळ्या नजरेने बघितलं नव्हतं. मैत्रिणींनी टाळलं नव्हतं. हे आपसूक घडलं असं ती धरून चालली होती. ते कुणीतरी राखलं होतं, आणि राखणारा इथं कप हातात धरून पेपर वाचण्याच्या गप्पा मारत होता.

आणि ती काय करत होती? गेल्या वर्षी एका कपड्यांच्या कारखान्यासाठी अर्ज केलेल्या अडीचशे बायकांची यादी तिने तपासून दिली होती. अकरा नावांपुढे लाल खूण केली होती. त्यातल्या दोघींना फिटच्या गोळ्या चालू होत्या. त्यांना नोकरी का मिळाली नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नसेल. काम वेळेत झालं म्हणून ऑफिसात समोसे आले होते आणि मनिषाने दोन खाल्ले होते.

“तुम्ही कुठलाही खोटा नंबर का नाही घातला?” तिने विचारलं. “स्वतःचाच कशाला?”

“खोटा कसा घालू? धा आकडे दाबले की कुणाचा तरी निघतोच. त्या बिचाऱ्याला कशाला अडकवायचं?” चाचांना हा प्रश्नच बाळबोध वाटला असावा. “माझं काय, मी म्हातारा. मला कुठं नवरी बघायचीय?”

“चाचा, तुम्ही विमा काढायला गेला होता कधी?”

“दोन डाव. सबिहाच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय. दोघांचा मिळून अर्ज केला. नाही म्हणले. उमर झाली, दुसरं काय.”

“चाचींचं वय काय?”

“साठ आसंल.”

“वयामुळे नाही,” मनिषा म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. डोंगर, गुण, ते कोण विकत घेतं, आणि त्यांच्या नंबरापुढे काय लिहिलेलं असणार. सांगताना तिने ‘कंपनी’ म्हटलं नाही, ‘आम्ही’ म्हटलं.

चाचांनी ऐकून घेतलं. काउंटर पुसायचं फडकं उचललं आणि एकच जागा पुसत राहिले.

“म्हंजे मी म्हातारा झालो न्हाई,” ते म्हणाले. “सबिहाला सांगाय पायजे.”

पण या वेळी त्यांना स्वतःलाही हसू आलं नाही.

मनिषाने काउंटरला वळसा घातला आणि त्यांच्या संगणकासमोर बसली. ॲपच्या आतल्या पानावर एक बारीकशी चौकट होती, तीत बरोबरची खूण होती. तिने ती काढली.

“आता नंबर न घालता बिल होईल. कुणाचाच लागणार नाही.”

“आज काढली का ही सोय?”

“पहिल्यापासून होती.” तिला त्यांच्याकडे बघवेना. “दुकानदारांना सांगायची नाही, असं आम्हाला सांगितलेलं आहे.”

चाचांनी फडक्याची घडी करून ठेवली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मग तिने सत्यमला लिहिलं. ग्राहक प्रत्यक्ष भेटला. नंबर त्याचाच आहे. रजिस्टर सरकारी कामासाठी आहे, ते बघण्याचा आपल्याला अधिकार नाही. फोटो काढलेले नाहीत. दुकान यादीतून काढण्यासारखी एकही चूक आढळली नाही. काढायचंच झाल्यास कारण लेखी द्यावं लागेल. शेवटचं वाक्य लिहिताना तिला बरं वाटलं. लेखी द्यायचं म्हटलं की सत्यमची पाचावर धारण बसते, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पाठवलं, आणि लाल रजिस्टर दोन्ही हातांनी उचलून चाचांच्या हातात दिलं. त्यांनी कपाटात ठेवलं, किल्ली फिरवली.

शाळा सुटायची वेळ झाली होती. दुकानात पाच-सहा माणसं गोळा झाली, कुणाला डोळ्यांचे थेंब, कुणाला बँडेज. मनिषा स्टुलावरून उठली. आता ती निघणार असं वाटून चाचांनी मान हलवली. ती मात्र डाव्या कोपऱ्यात गेली आणि वजनकाट्यावर चढून उभी राहिली.

काटा हलला. समोर कॅलेंडर होतं. दादाही याच कॅलेंडरच्या जागी बघत उभे राहत असतील, हातातली टोपी चुरगाळत. पाय हलवायचा नाही, नाहीतर काटा खाली-वर होतो. ती हलली नाही.

चाचांनी पाहिलं होतं. त्यांनी सगळ्यांचं सावकाश आटोपलं. शेवटचा माणूस गेल्यावर ते कोपऱ्यात आले. मघापासून तिला अगं-तुगं करत होते, आता म्हणाले,

“बोला.”

“फिटच्या गोळ्या होत्या माझ्या,” मनिषा कॅलेंडरकडे बघत हळूच म्हणाली. “सहा वर्षांपूर्वीच्या जूनपासूनच्या. ती बिलं माझ्या नंबरवर घ्यायची आहेत.”

“कशापायी?”

“तुमच्यावरचं तेवढं कमी होईल.”

“येकानं काय होतंय? शंभराच्या वर हायत.”

“एक कमी होईल.”

सलाइनच्या खोक्यावरची धूळ चाचांनी बोटाने काढली.

“नोकरीत तरास होईल तुला.”

“होईल.”

“गुरुजीला इचारलं आसतं तर न्हाई म्हणले आसते,” चाचा म्हणाले. एवढंच त्यांनी कबूल केलं. सात वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही तिच्या वडिलांची बाजू मांडायला. मग त्यांनी चष्मा खाली ओढला. “सांगा नंबर.”

तिने एकेक आकडा सांगितला, त्यांनी एका बोटाने तो दाबला. चाळीसच्या वर बिलं होती, वेळ लागला. मध्ये कुणीतरी क्रोसिन मागायला आलं तेव्हा चाचा मोठ्याने म्हणाले,

“पंचावन्न भरलं बेटा.”

“दूध कमी करते,” मनिषा तेवढ्याच मोठ्याने म्हणाली.

निघताना ती त्यांच्या पाया पडायला वाकली तर ते चटकन मागे सरले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. सबिहाचाचींच्या विम्याचं मी बघते, चूक कुठं झाली ते लिहून देते, असं ती म्हणाली. जमेल की नाही, तिला माहीत नव्हतं. पण लिहून द्यायला तिला कुणी अडवू शकत नव्हतं.

घराच्या वाटेवर ती बुद्धविहाराच्या कोपऱ्यावर पोचली तेव्हा मोबाइल थरथरला. सत्यमचे चार फोन येऊन गेले होते. हा मेसेज होता.

‘नमस्कार मनिषाजी! फिटच्या गोळ्या घेऊन तुम्हाला दोन वर्षं झाली. तब्येतीची अशी हेळसांड बरी नव्हे. आपल्या माणसाचं ऐका, आजच मागवा.’

‘आपल्या माणसाचं ऐका’ हे तिनेच सुचवलेलं होतं. सगळ्यांना फार आवडलं होतं. तिने मेसेज दोनदा वाचला आणि पुसला नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये हीच ओळ भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर येणार होती, या वेळी नावासकट.

आई चुलीपुढे बसली होती. गॅस होता, पण भाकरी तिला चुलीवरचीच लागायची. मनिषा दारात चपला काढू लागली.

“दुपारीच गावात आल्तीस म्हणं. इतका येळ कुठं होतीस?”

“वजन करून आले, आई.”

आईचे हात परातीतल्या पिठात होते ते थांबले. तिने मान वर करून लेकीकडे पाहिलं. मग डोळ्यांत धूर गेल्यासारखं करून मनगटाने डोळे पुसले.

“किती भरलं?”

“पंचावन्न.”

“तुझ्या दादाचं बावन्नच्या वर कधी गेलं न्हाई,” आई म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.